अर्ध्या चिपचा गरुड

आमच्या स्टुडिओत माणसं तीन आणि पक्ष दोन. एका पक्षात अप्पा, दुसऱ्यात मी. अम्मा कुठल्याच पक्षात नव्हती. ती दुपारी डबा घेऊन यायची आणि ज्याचा आवाज जास्त चढलेला असेल त्याला आधी ताक द्यायची. भांडणाचं कारण एकच, कॅमेऱ्याच्या पोटातली चिप केवढी असावी. तंजावरच्या राजवाड्यामागे एका गल्लीत, पितळी समयांच्या दुकानाला लागून आमचा स्टुडिओ होता. तिथे हा वाद चांगली दोन वर्षं चालला, आणि गिऱ्हाइकांसमोर भांडायची आम्हा दोघांनाही कधी लाज वाटली नाही.

ते दिवस फिल्म जायचे आणि डिजिटल यायचे होते. एसटीडी बूथवाल्याने काचेवर ‘ब्राउझिंग सेंटर’ लिहून घेतलं होतं, आणि आमच्या रोल धुणाऱ्या लॅबमध्ये कॉम्प्युटर येऊन बसला होता. डिजिटल कॅमेरे दोन जातींचे होते. मोठ्या लोकांच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या चौकटीएवढी चिप असे. आमच्यासारख्यांच्या आवाक्यातल्या कॅमेऱ्यात ती त्याच्या निम्म्याहूनही जरा लहान. पण या लहान चिपची एक गंमत होती. लेन्सने दाखवलेल्या चित्राचा फक्त मधला भाग ती उचलते, त्यामुळे लांबची वस्तू जवळ येते. आमची तीनशे मिलिमीटरची जुनी लेन्स तिच्यावर साडेचारशेची होऊन बसे, तेही फुकटात. मला तर हे लॉटरी लागल्यासारखं वाटत होतं.

अप्पांना ती फसवणूक वाटत होती. “अगे, अर्धं तिकिट काढून पुरा प्रवास करूं म्हणतेस कां?”

“तुम्हीं मोठी फिल्म सोडून पस्तीस मिलिमीटरची लहान घेतलीत तेव्हा आज्जा काय म्हणाले होते, अप्पा?”

यावर अप्पा चष्मा पुसायचे. आज्जा काय म्हणाले होते ते सगळ्या घराला पाठ होतं: काडेपेटीत लग्न कोंबायला निघाला. एवढं ऐकूनही अप्पांनी लग्नांसाठी पस्तीसची घेतली आणि देवळाच्या कामासाठी मोठ्या फिल्मचा कॅमेरा राखून ठेवला. म्हणजे माणसाला अर्ध्यातलं काम, देवाला पुऱ्यातलं. “मूर्ती लहान पण कीर्ती महान,” मी म्हणायचे. “कीर्ती राहूं दे, आधीं मूर्ती नीट दिसूं दे,” अप्पा म्हणायचे.

माझं खरं भांडण मात्र अप्पांशी नव्हतं, कंपनीवाल्यांशी होतं. चिप लहान म्हणजे माणूस हौशी, असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं होतं. दणकट अंग, धूळ आणि दमट हवा सोसणारी झाकणं, फटाफट चालणारं यंत्र, हे सगळं मोठ्या चिपवाल्यांना. लहान चिपला प्लास्टिकचं अंग आणि डोळा लावला की बोगद्यात शिरल्यासारखं वाटणारी खिडकी. वर त्या कॅमेऱ्याला दमा. सलग सहा फोटो काढले की मागे लाल दिवा लुकलुकायला लागे, आणि पोटातले फोटो कार्डावर उतरेपर्यंत बटण कितीही दाबा, कॅमेरा ढिम्म. मला चिप लहानच हवी होती आणि बाकी सगळं मोठ्यांचं हवं होतं. यात न समजण्यासारखं काय आहे? चेन्नईच्या विक्रेत्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, मॅडम, घरगुती वापराला हा उत्तम आहे. मी फोन आपटला, आणि तो एसटीडी बूथचा असल्यामुळे बूथवाल्याची बोलणीही खाल्ली.

अप्पांचं यावर एकच उत्तर ठरलेलं होतं. “नाचतां येईना, आंगण वाकडें.” समया विकणारा शेजारी तमिळ, त्याला वाटे अप्पांनी त्याच्याच भाषेतली म्हण उचलून मराठीत घातली. त्यांच्यातही नाचता न येणारी दिवाणखान्यालाच वाकडा म्हणते. तेव्हा अंगण कुठल्याही भाषेत वाकडंच, आणि दोन्ही भाषांत बोलणी मलाच.

आता ही लहान चिप मला एवढी का हवी होती, ते सांगते.

आमच्याकडे देवळाचा कुंभाभिषेक बारा वर्षांनी होतो. देऊळ रंगवतात, दुरुस्त करतात, आणि ठरलेल्या घटकेला पुजारी परांचीवरून, म्हणजे बांबूंच्या मचाणावरून, शिखरावर चढून कळसावर मंत्रजल ओततात. त्या वेळी आकाशात गरुड आला पाहिजे. गरुड म्हणजे तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची घार. तो येतो, कळसावर घिरट्या घालतो, आणि खालची सगळी माणसं हात डोक्यावर जोडून ओरडतात. गरुड आल्याशिवाय अभिषेक पावला असं कोणी मानत नाही. आणि तो येतोच. का येतो ते पक्ष्यांच्या अभ्यासकांना विचारा. आमच्याकडे कोणी विचारत नाही.

पापनाशमजवळच्या एका गावात विष्णूचं लहानसं देऊळ आहे. तिथलं काम आज्जांपासून आमच्याकडे. आधीच्या कुंभाभिषेकाला अप्पा समोरच्या घराच्या गच्चीवर मोठ्या फिल्मचा कॅमेरा लावून उभे होते. मी तेव्हा तिरुच्चीला कॉलेजच्या वसतिगृहात होते, परीक्षा होती. पाणी पडलं, गरुड आला, सारं गाव ओरडलं, आणि अप्पांच्या फोटोत कळस होता, पुजारी होते, वर निळं आकाश होतं. गरुड नव्हता. रोल संपला होता, अप्पांनी सांगितलं. एका रोलमध्ये बाराच फोटो, आणि बारावा नेमका आधीच्या क्षणी निघाला.

गावाने ते लक्षात ठेवलं. तमिळ माणसं आम्हां मराठ्यांना ‘रायर’ म्हणतात. त्या गावात कोणाची बस चुकली, दूध उतू गेलं, मुलगा गणितात नापास झाला, की लोक म्हणायचे, “काय, रायरचा रोल संपला?” हे प्रेमानेच चालायचं. पण अप्पांना ते लागायचं. त्यातून देवळाचे धर्मकर्ते, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारे म्हातारे जमीनदार, कधीही कामाला तंजावरला आले की स्टुडिओत डोकवायचे आणि विचारायचे, “गरुड कुठे आहे, रायर?” दर वेळी हेच. ते गेले की अप्पा त्या दिवशीचा डबा न उघडताच परत पाठवायचे. बारा वर्षं हा प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून सोसला.

आता पुन्हा बारा वर्षं भरत आली होती. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हात कापत होता. ते एका दुपारी ताक पिता पिता म्हणाले, “ह्या वेळीं गरुड सांपडला पाहिजे. पुढच्याला मीं नाहीं.” अम्मा त्यांना रागावली, पण ते खरंच बोलत होते आणि आम्हां तिघांना ते कळत होतं. गच्चीपासून कळस लांब, गरुड त्याहून वर. तीनशेची लेन्स तिथे अपुरी, त्याहून मोठी घ्यायची आमची ऐपत नाही. साडेचारशे मला फक्त ती अर्धी चिप देणार होती.

तेव्हा मी ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन थेट परदेशातल्या कंपनीलाच पत्र लिहिलं. महोदय, मी दक्षिण भारतात फोटो काढते. मला लहान चिपचा पण व्यावसायिक ताकदीचा कॅमेरा हवा आहे. लहान चिप ही मी नाइलाजाने घेत नाही, निवडून घेते आहे. ती निवडणारा माणूस गंभीर नसतो असं आपणांस कोणी सांगितलं? इंग्रजी चांगलं झणझणीत झालं होतं. गरुडाचं मात्र काही लिहिलं नाही. म्हटलं, परक्या माणसाला उगाच वेडेपणा वाटेल. आठ दिवसांनी उत्तर आलं: आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, सोबत सहलीसाठी उपयुक्त अशा छोट्या कॅमेऱ्यांची माहिती जोडली आहे. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझा संताप झाला, पण दुसरा इलाजही नव्हता. मी तोच दमेकरी प्लास्टिकचा कॅमेरा आणला.

सरावाला घारी हव्या होत्या. घारी कुठे असतात? मासळीबाजारात. मी आठवडाभर रोज सकाळी बाजाराच्या मागच्या भिंतीजवळ उभी राहून आकाशाकडे कॅमेरा धरायचे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी अम्माला येऊन सांगितलं की तुमची मुलगी हल्ली मासळीबाजारात दिसते. अम्माने संध्याकाळी मला दारातच थांबवून डोक्यावरून पाणी घातलं. त्या आठवड्यात मी दोन गोष्टी शिकले. घार वळताना क्षणभर स्थिर होते, तेव्हा बटण दाबायचं. आणि सहाच्या सहा फोटो एकदम उडवायचे नाहीत. दोन काढायचे, थांबायचं, पुन्हा दोन. मासळीवाली बाई रोज विचारायची, “एक तरी मासा घे की गं.”

कुंभाभिषेकाच्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही दोघं निघालो. कॅमेरा माझ्या मांडीवर, अप्पांच्या मांडीवर अम्माने दिलेला दहीभात. बस कालव्याच्या कडेकडेने थांबत थांबत गेली आणि अप्पा सगळ्या वाटेत मला सूचना देत राहिले, मोठ्या फिल्मच्या सूचना, ज्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता. मी सगळ्यांना हो म्हटलं.

गच्ची तीच. अप्पांनी पायाने चाचपून आपली जुनी जागा शोधली आणि तिथे मला उभं केलं. मचाणावर पुजारी चढले. सगळ्यांत शेवटी धर्मकर्ते चढले, कमरेला उपरणं गुंडाळून, एवढ्या वयात, दोघांनी दोन बाजूंनी धरलेले. अर्ध्या चिपने त्यांना इतकं जवळ आणलं की त्यांच्या कानावरचे पांढरे केस मला दिसत होते. कळशी जड होती. पुजाऱ्याच्या हाताखाली धर्मकर्त्यांनी आपले दोन्ही हात धरले होते आणि मान खाली घातली होती.

“आला कां?” अप्पा.

“नाहीं अजून.”

“दक्षिणेकडे बघ. मागें तिकडूनच आला.”

तो आला ते पूर्वेकडून, नारळीच्या रांगेवरून, आणि पाणी ओतायच्या आधीच आला. खाली कोणीतरी ओरडलं आणि माझं मासळीबाजारातलं सगळं शहाणपण वाहून गेलं. सहाच्या सहा फोटो मी एका दमात उडवले. लाल दिवा लुकलुकायला लागला. आणि तेव्हाच नागस्वरं आणि ढोल एकदम वाढले, कळशी कलंडली, पाणी कळसावरून उन्हात चमकत खाली आलं, आणि गरुड सरळ कळसाच्या डोक्यावर येऊन पंख पसरून फिरू लागला. एक फेरी. मी बटण दाबत होते आणि कॅमेरा ढिम्म होता. मी त्या कंपनीला अशा शिव्या घातल्या की बऱ्याचशा तमिळमध्येच सुचल्या.

“सांपडला कां? अगे, सांपडला कां?” अप्पा विचारत होते. त्यांना दिसत नव्हतं, फक्त आवाज ऐकू येत होता. पण त्यांचे हात मात्र डोक्यावर जोडलेले होते.

दुसरी फेरी. तिसरी. मग तो नारळींवरून निघून गेला.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी मी बसले होते. दहीभात तसाच होता. मी अप्पांना सांगितलं की गरुड मिळाला, पण आधीचा, एका कोपऱ्यात. पाणी पडतानाचा नाही, कारण कॅमेऱ्याला दम लागला. मला वाटलं, आता अंगण वाकडं होणार.

“माझा रोल संपला नव्हता,” ते म्हणाले.

“कधीं?”

“त्या वेळीं. दोन फोटो राहिले होते. गरुड आला आणि मीं हात जोडले. कॅमेरा तिपाईवर, मीं हात जोडून उभा. उतरवले तंवर तो गेला. घरीं येऊन धुतल्यावर दोन फ्रेमा कोऱ्या निघाल्या. त्या मीं कापून टाकल्या.”

बारा वर्षं. चांगल्या मोठ्या फिल्मच्या, आज्जांनी आणलेल्या, कधी न बिघडलेल्या कॅमेऱ्याच्या नावावर हा माणूस बारा वर्षं खोटं बोलला होता आणि वर मला म्हणी ऐकवत होता. मला संताप यायला हवा होता. पण मी कालव्याकडे बघत राहिले, कारण मलाही काही सांगायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

“अप्पा, दुसऱ्या फेरीला लाल दिवा विझला होता.”

“मग?”

“मग काय. कॅमेरा गळ्यांत, आणि हात वर.”

अप्पा आधी हसले नाहीत. मग हसले, आणि मीही हसले, आणि कंडक्टरने मागे वळून पाहिलं इतके हसलो. पापनाशमच्या थांब्यावर अप्पांनी दहीभाताचा डबा उघडला आणि आम्ही तो बसमध्येच खाल्ला.

फोटोची प्रत घेऊन पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गावात गेलो. लॅबमधला कॉम्प्युटरवाला म्हणाला होता, अक्का, गरुड ओढून मधे आणतो, पाणीही दुसऱ्या फोटोतलं लावतो, कोणाला कळणार नाही. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, “नक्को. एक खोटं झालें तें पुरे.” म्हणून प्रत होती तशीच होती. कळस, मान खाली घातलेले धर्मकर्ते, कळशी अजून भरलेली, आणि उजव्या कोपऱ्यात गरुड. लहान चिपमुळे त्याचं पांढरं डोकं मात्र स्वच्छ आलं होतं.

धर्मकर्ते ओसरीत बसले होते. त्यांनी फोटो हातात घेतला, भिंग मागवलं आणि फार वेळ पाहिला. शेवटी म्हणाले, “गरुड आहे. पण हा कळसावर नाही.”

मी कंपनीवर घसरणार तेवढ्यात अप्पांनी माझा हात दाबला. तमिळमध्ये, खाली बघून, त्यांनी सगळं सांगितलं. त्या वेळी रोल संपला नव्हता. ह्या वेळी कॅमेरा सगळा वेळ बंद नव्हता. आम्ही दोघांनीही हात जोडले. मी वाट पाहत होते की आता म्हातारा हसेल, गावाला नवीन म्हण मिळेल, आणि पुढची बारा वर्षं लोक माझ्या नावाने दूध उतू घालतील.

म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं. “म्हणजे तुम्ही दोघांनी तो पाहिला?”

“पाहिला.”

“मी नाही पाहिला,” ते म्हणाले. “मागच्या वेळी नाही, ह्या वेळीही नाही. कळशी धरतो ना मी. मान वर केली तर पाणी सांडेल, पाय सुटेल. खाली सगळे ओरडतात तेव्हा कळतं की तो आला. म्हणून तर तुम्हांला विचारत होतो, रायर. गरुड कुठे आहे?”

अप्पांचा चेहरा मला आजही आठवतो. बारा वर्षं ज्याला टोमणा समजून ते उपाशी बसत होते, ती एका माणसाची साधी विनवणी होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं ते माफी मागतील. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली, मोतीबिंदूचे डोळे मिटले आणि दोन्ही हात पसरले. “इथून आला, दक्षिणेकडून. पंख असे, अजिबात हलत नव्हते,” असं म्हणत ते बारा वर्षांपूर्वीचा गरुड दाखवू लागले. त्यांचे कापणारे हात तेव्हा कापत नव्हते. त्यांचं झाल्यावर मी ह्या वेळचा सांगितला, पूर्वेकडून, नारळीवरून, तीन फेऱ्या. म्हातारे मान वर करून ओसरीच्या कौलांकडे बघत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. या वेळी गरुडाचंही लिहिलं आणि माझे हात वर होते तेही लिहिलं. अर्धी चूक माझी आहे, पहिली फेरी मात्र तुमच्यामुळे गेली. लहान चिपचा दणकट, न थांबणारा कॅमेरा बनवा. तो माझ्यासाठी नको, इथे एक म्हातारा आहे, तो गरुडाच्या बरोब्बर खाली मान घालून उभा असतो, त्याच्यासाठी बनवा. तो आता अडुसष्ट वर्षांचा आहे, आणि आमच्याकडे पुढची वेळ बारा वर्षांनी येते.